इंजिन वीतभर, भूक हातभर

बार्शी लाईट आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलीच माहीत आहे, १९११ ला लातूरपर्यंत आलेली नॅरोगेज रेल्वे, दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर. आता त्या इंजिनाचं खरोखर वाफेवर चालणारं मॉडेल ४५ मिलिमीटरच्या रुळावर करायचं म्हटलं तर प्रत्येक माप साधारण १७ पट लहान करावं लागतं. मग बॉयलरचा बाहेरचा पत्रा २८९ पट कमी होतो, पण आत मावणारं पाणी थेट ४९१३ पट कमी. खरा घोळ इथंच आहे. उष्णता साठते पाण्यात आणि निसटते पत्र्यातून, म्हणजे पाण्याच्या मानानं पत्रा १७ पट जास्त झाला, त्यामुळं जाळ जरा मंदावला की प्रेशरचा काटा लगेच खाली येतो. आणि उकळत्या १ किलो पाण्याची वाफ करायला लागणारे साधारण २२५७ किलोज्यूल काही इंजिन बारकं आहे म्हणून कमी होत नाहीत.

त्यात हवेचं दुखणं वेगळंच. चिमणी दोन-तीन इंचांची, ती स्वतःहून काय ओढणार? इंजिन धावत असतं तेव्हा सिलिंडरमधून सुटलेली वाफ बारीक नळीतून चिमणीत वर मारतात, तिच्यासोबत धूर ओढला जातो आणि जाळीखालून ताजी हवा आत येते, म्हणजे इंजिन जितकं जोर लावेल तितका जाळही भडकतो. ही युक्ती मोठ्या इंजिनातलीच, आणि मला विचाराल तर सगळ्या इंजिनातली हीच सगळ्यात हुशार गोष्ट. पण थंड इंजिनात वाफच नाही, मग चुलीला फुकणी लागते तसं इथं चिमणीवर बॅटरीचा छोटा पंखा बसवतात, तो धूर वर खेचतो. खाली रॉकेलात भिजवलेले लोणारी कोळशाचे तुकडे पेटवायचे, ते लाल झाले की पाच-सहा मिलिमीटरचा दगडी कोळसा थोडा थोडा टाकायचा. एकदम ओतला की हवा कोंडते आणि आग मेलीच समजा. काटा २० पाउंडाच्या आसपास गेला की पंखा काढून ब्लोअर उघडायचा, म्हणजे बॉयलरचीच थोडी वाफ चिमणीत सोडायची. इंजिन थांबवतानाही ब्लोअर आधी उघडायचा, नाहीतर जाळ उलटा भट्टीच्या दारातून बाहेर येतो.

कोळसा कुठला, हाही प्रश्नच. आपल्या देशी कोळशात बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के राख, परळीच्या थर्मलच्या राखेबद्दल तर मी वेगळं सांगायला नको. तिथं कोळशाची पूड करून मोठ्या भट्टीत फुंकतात म्हणून चालतं, इथं तळहाताएवढ्या जाळीवर राख साचून हवाच बंद होते. म्हणून या छंदातले लोक वेल्सच्या कमी धुराच्या कोळशाचं एवढं कौतुक करतात.

कोळशाऐवजी स्पिरिट जाळणं सोपं, पण त्याची ज्योत उन्हात दिसतच नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात तर अजिबात नाही. सांडलेलं स्पिरिट पेटलंय हे हाताला चटका बसल्यावर कळतं, म्हणून सावलीत पेटवा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

नवशिक्यानं ब्युटेन गॅसच घ्यावा असं माझं मत. बर्नर पेटवायची तऱ्हा गमतीची आहे: लायटर चिमणीच्या तोंडाशी धरायचा, गॅस हळूच उघडायचा, 'फप्प' करून ज्योत मागं सरकून बर्नरवर बसते. ती पुढंच अडकून राहिली तर गॅस कमी करायचा. ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला, त्यामुळं थंड देशातले लोक इंजिनावरची छोटी गॅसची टाकी कोमट पाण्यात ठेवतात. आपल्याकडं मे महिन्यात उलटं होतं, एक फेरी मारून तापलेल्या टाकीत गॅस जातच नाही, कारण ज्यातून गॅस भरायचा त्या डब्यापेक्षा टाकीतच दाब जास्त असतो, म्हणून ती आधी गार होऊ द्यायची आणि डबा उन्हात विसरायचा नाही. घरच्या सिलिंडरचा गॅस मात्र या टाकीत चुकूनही भरू नका, त्यात प्रोपेन असतो आणि त्याचा दाब कितीतरी जास्त. गॅसची टाकी मुद्दाम अशा मापाची करतात की पाण्याआधी गॅस संपावा, म्हणजे कोरडा बॉयलर जळत नाही. पाणी बोअरचं घालू नका, क्षार बसतात, पावसाचं किंवा डिस्टिल्ड वापरा.