डेथ व्हॅली म्हणजे उलटा चालणारा कूलर

नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगायचं नाही, हे मी भाच्याला विमानतळावरच बजावलं होतं. जून महिना, लास वेगासहून गाडी काढली, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्ककडे निघालो, दोन तास नुसते बोडके डोंगर, झाड नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि पार्क तरी केवढा, बफर धरून आपले सात ताडोबा आरामात मावतील. बॅडवॉटरला उतरलो, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, गाडीत ४९ दाखवत होतं.

"मामा, कसं वाटून राहिलं?"

म्हटलं ठीक आहे बे, पण घाम कसा नाही? घाम होता, दिसायच्या आतच उडून जात होता. शर्ट कोरडा ठाक, अन् मानेवरून हात फिरवला तर मीठ!

म्हणजे आपला कूलरच की. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती आजूबाजूच्या हवेतून खेचली जाते, म्हणून मे महिन्यात कूलरचं गवत ओलं केलं की खोली गार. जुलैत हवाच दमट, पाणी उडतच नाही, मग तोच कूलर नुसती चिकचिक करतो. (आपल्या डेझर्ट कूलरला तिकडे स्वॅम्प कूलर म्हणतात, म्हणजे दलदलीचा कूलर. कायले, ते नका विचारू.)

आता हाच कूलर उलटा चालवून बघा. पॅसिफिकवरून ओली हवा येते, वाटेत सिएरा नेवाडा आडवा, त्यातला माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर. चढता चढता हवा गार होते, वाफेचं पाणी होतं, पाऊस-बर्फ सगळा तिथेच सांडतो, आणि वाफ होताना जी उष्णता घेतली होती ती पाणी होताना हवेला परत मिळते. पाणी गेलं, उष्णता राहिली. पलीकडे उतरताना हीच कोरडी हवा दाबली जाते आणि दर १,००० मीटरला जवळपास १० अंश तापते, चढताना मात्र ढग बनल्यामुळे ती तेवढी गार झालेलीच नसते, म्हणजे सौदा सरळ फायद्याचा. असे एकामागे एक डोंगर ओलांडून हवा इथे पोचते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. आपल्याकडे वर्षाला मीटरभर पाऊस, इथे जेमतेम ५-६ सेंटीमीटर.

त्यात दरी अरुंद आणि खोल. तापलेली हवा वर जाते, पण भिंतींमुळे बाहेर पडत नाही, थोडी गार होऊन खाली येते ती पुन्हा दबून तापते. १० जुलै १९१३ ला इथे ५६.७ अंशांची नोंद झाली, जगातला अधिकृत विक्रम तोच, काही तज्ज्ञांना ती शंकास्पद वाटते, पण २०२० आणि २०२१ ला ५४.४ तर झालंच. जमिनीचं तापमान १९७२ मध्ये ९३.९ भरलं होतं. मी चपलेचा तळवा दोनदा चेक केला.

घरी परतलो तर जुलै लागलेला. बायकोनं कूलर बंद करून वर चादर टाकून ठेवली होती.