अकरा माणसं, नऊ सांगाडे

२९ जुलै २००७. रशियातल्या येकातेरिनबुर्ग शहराबाहेरच्या जंगलात काही हौशी शोधक जमिनीत लोखंडी सळया खुपसत चालले होते. एका जागी सळईला टणक काहीतरी लागलं. खणल्यावर कोळसा निघाला, हाडांचे जळके तुकडे निघाले, काही दात, बंदुकीच्या गोळ्या आणि जाड मातीच्या बरण्यांच्या खापऱ्या. या बरण्यांतून कधीकाळी सल्फ्युरिक आम्ल आणलं होतं. हाडं आणि दात मिळून तुकडे भरले ४४. पुढच्याच महिन्यात रशियाच्या सरकारी वकिलांनी शेवटच्या झारच्या (सम्राटाच्या) कुटुंबाच्या हत्येची, १९९८ मध्ये बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. झारच्या मुलांपैकी दोघांचे सांगाडे बेपत्ता होते. त्या दोघांचं हत्येच्या वेळचं वय धरायचं तर एकाचं १३ आणि दुसरीचं १७ किंवा १९. बेपत्ता होऊन ८९ वर्षं झाली होती.

१७ आणि १९ मधलं ते 'किंवा' लक्षात ठेवा.

१६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गमधल्या इपातियेव यांच्या घराच्या तळघरात पदच्युत झार निकोलस दुसरा, त्याची बायको अलेक्झांड्रा, ओल्गा, तात्याना, मारिया आणि अनास्तासिया या चार मुली, मुलगा अलेक्सी, डॉक्टर, मोलकरीण, आचारी आणि सेवक अशा अकरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या घालणाऱ्या बोल्शेविक पथकाचा म्होरक्या होता याकोव युरोव्स्की. प्रेतं आधी एका खाणीत टाकली, मग बाहेर काढून दुसरीकडे न्यायला निघाले, तर वाटेत गाडी चिखलात रुतली. तेव्हा तिथंच काय ते उरकायचं ठरलं. जाळायला सुरुवात केली, पण दोन प्रेतांतच वेळ गेला. उरलेली नऊ रस्त्यातच खड्डा करून पुरली, वर आम्ल ओतलं आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर अंथरून त्यावरून गाडी फिरवली. यातून एक गोष्ट साधली: पुढेमागे खड्डा कुणाला सापडलाच, तरी डोकी अकरा भरणार नव्हती.

१९१९ मध्ये निकोलाय सोकोलोव या तपास अधिकाऱ्याने खाणीचा परिसर चाळून काढला. जळके दागिने, कॉर्सेटच्या पट्ट्या, एक तुटलेलं बोट आणि डॉक्टरची कवळी त्याला मिळाली. सगळी प्रेतं आम्ल आणि आगीने नाहीशी केली, असा निष्कर्ष त्याने काढला आणि पुढची साठेक वर्षं जगाने तोच धरला. गंमत म्हणजे चिखलातल्या त्या स्लीपरच्या पुलाचा त्याने फोटोही काढला होता. त्याखाली खणलं मात्र नाही.

या निष्कर्षात खोट आहे, हे आपल्याकडे राख सावडायला गेलेल्या कुणालाही कळेल. मोकळ्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, ती कित्येक तास जळते, तरी तिसऱ्या दिवशी अस्थी मिळतातच. विद्युतदाहिनीत तापमान ८०० अंशांच्या पुढे जातं, तिथेही हाडांचे तुकडे उरतात. कारण हाडाचा मोठा भाग कॅल्शियम फॉस्फेटचा आहे आणि तो जळणारा पदार्थच नव्हे. आगीत जातात ते पाणी आणि सेंद्रिय भाग, सांगाडा ठिसूळ होऊन फुटतो एवढंच. दातावरचं इनॅमल तर याहून चिवट. अकरा माणसांचे मिळून तीनशेच्या आसपास दात असायला हवेत आणि सोकोलोवला मिळाली ती कवळी! आम्लाचंही तसंच. हौदात बुडवून ठेवलं तर गोष्ट वेगळी, पण उघड्या खड्ड्यात ओतलेलं आम्ल बहुतांशी मातीत मुरतं. जे हाडाला लागतं, त्याची कॅल्शियमशी क्रिया होऊन वर जिप्समसारखा थर बसतो आणि आतलं हाड बरंचसं झाकलं जातं.

खरी जागा १९७९ मध्ये अलेक्झांडर अवदोनिन हा भूशास्त्रज्ञ आणि गेली र्‍याबोव हा लेखक या दोघांनी शोधली. र्‍याबोवकडे प्रेतं कुठे पुरली याबद्दलच्या युरोव्स्कीच्या टिपणाची प्रत होती, ती त्याला युरोव्स्कीच्या मुलाकडून मिळालेली. पोलादी नळी जमिनीत ठोकत गेल्यावर खाली लाकूड लागलं. तीन कवट्या त्यांनी बाहेर काढल्या, पुढच्या वर्षी गुपचूप परत पुरल्या आणि दहा वर्षं तोंड मिटून बसले. तो काळच तसा होता. अधिकृत उत्खनन जुलै १९९१ मध्ये झालं आणि घाईत झालं. अशा कामात घाईची किंमत मोजावी लागते. हाड कोणत्या हाडाशेजारी कसं पडलं होतं, हे एकदा विस्कटलं की परत मांडता येत नाही. हजारांच्या घरात तुकडे निघाले, ते जुळवले, तेव्हा सांगाडे भरले नऊ.

आता यातला झार कोणता? १९९२-९३ मध्ये इंग्लंडमधल्या ऑल्डरमास्टनच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पीटर गिल आणि रशियाचे पावेल इवानोव यांनी हे काम केलं. पेशीकेंद्रातल्या डीएनएवरच्या पाच ठिकाणांची तुलना केल्यावर नऊपैकी पाच जणांचं नातं उघड झालं: आई, वडील आणि तीन मुली. पण हे कुटुंब झारचं, म्हणजे रोमानोवांचंच कशावरून? त्यासाठी बाहेरची, जिवंत माणसं लागतात. डीएनएविषयी सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. हाडाच्या चुऱ्यातून कुणाचंही नाव बाहेर येत नाही, येते ती ए, सी, जी, टी या चार अक्षरांची माळ. ती कशाशी तरी ताडून पाहावी लागते, आणि ताडायला कुणी नसेल तर उत्तम दर्जाचा डीएनएसुद्धा कपाटात पडून राहतो.

अलेक्झांड्रासाठी ताडायला मिळाले इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप. अलेक्झांड्रा ही त्यांच्या आईच्या आईची धाकटी बहीण. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म कण. त्यांच्यातला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईच्या बाजूने असं तीन पिढ्यांचं अंतर असलं तरी तो बहुधा जसाच्या तसा मिळतो. शिवाय पेशीत केंद्र एक, तर मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या प्रती शेकड्यांनी किंवा हजारांनी. जुन्या हाडात म्हणूनच तो टिकण्याची शक्यता जास्त. फिलिप यांच्या रक्ताशी आई आणि तिन्ही मुली अचूक जुळल्या.

निकोलसने मात्र घोळ घातला. त्याच्या आईच्या बाजूच्या दोन नातेवाइकांशी सगळी अक्षरं जुळली, फक्त १६१६९ हे स्थान सोडून. नातेवाइकांमध्ये तिथे टी होता. निकोलसच्या हाडात सी आणि टी दोन्ही, एकाच वेळी. हा बाहेरून आलेल्या डीएनएचा दोष आहे, असं म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. खुलासा असा की एखाद्याच्या शरीरात दोन तऱ्हांचे मायटोकॉन्ड्रिया मिसळीने नांदू शकतात. पुढच्या पिढ्यांत कधी एक तऱ्हा उरते, दुसरी संपते. पण हे शक्य आहे, एवढ्याने भागत नव्हतं. म्हणून जुलै १९९४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलसचा धाकटा भाऊ जॉर्ज याची कबर उघडली. तो १८९९ मध्ये क्षयाने गेला होता. त्याच्या हाडातही नेमक्या त्याच जागी सी आणि टी! ज्या खुणेमुळे निकाल अडकला होता, तीच आता सगळ्यात भक्कम पुरावा ठरली, कारण अशी मिसळ एकाच जागी दोघांत योगायोगाने आढळणं फार दुर्मीळ.

राहिले दोघे. अलेक्सी नव्हता, याबद्दल वाद नव्हता. पण गैरहजर बहीण कोणती? रशियन तज्ज्ञांनी कवटी आणि छायाचित्र एकावर एक ठेवून पाहिलं आणि मारिया नाही, असं सांगितलं. अमेरिकेचे हाडांचे तज्ज्ञ विल्यम मेपल्स यांना हे पटलं नाही. चेहऱ्याची हाडं बरीच फुटलेली होती, उणे भाग भरून काढले होते, आणि भरलेल्या चेहऱ्यावर फोटो बसवणं म्हणजे आपल्याच अंदाजाशी अंदाज जुळवणं. मेपल्स यांनी वय पाहिलं. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक अठराच्या सुमारास जुळू लागतं आणि पंचविशीच्याही पुढपर्यंत जुळत राहतं. मणक्यांच्या कडांचंही थोडंफार तसंच. तिन्ही सांगाड्यांत सतरा वर्षांच्या मुलीला शोभेल इतकं कच्चं हाड त्यांना दिसलं नाही, म्हणून अनास्तासिया नाही, असं त्यांचं मत. मला मेपल्स यांचा युक्तिवाद जास्त पटतो. पण दोघी बहिणींत अंतर दोनच वर्षांचं, आणि हाडावरून वय सांगण्यातली चूक सहज तेवढी असते.

या फटीतच तोतया राजकन्या वाढल्या. सर्वांत गाजलेली ॲना अँडरसन. १९२० मध्ये बर्लिनच्या कालव्यातून तिला बाहेर काढलं, पुढे तिने आपण अनास्तासिया असल्याचा दावा केला, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. १९८४ मध्ये अमेरिकेत ती वारली आणि तिचं दहन झालं. विषय तिथेच संपायचा, पण एका शस्त्रक्रियेत काढलेला तिच्या आतड्याचा तुकडा रुग्णालयाने मेणात जपून ठेवला होता. त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फिलिप यांच्याशी जुळला नाही. जुळला तो फ्रान्सिस्का शान्झकोव्स्का या कारखान्यातल्या पोलिश कामगार बाईच्या माहेरच्या वंशाशी. ही फ्रान्सिस्का १९२० मध्ये बर्लिनमधूनच बेपत्ता झालेली. राजकन्येचा शोध चालला होता आणि उलगडा झाला तो दुसऱ्याच एका हरवलेल्या बाईचा. तिच्यासाठी कुणी आयोग नेमला नव्हता.

२००७ चे तुकडे पहिल्या खड्ड्यापासून सत्तरेक मीटरवर सापडले. आधी हाडांची मोजदाद झाली. एकाच जागेचं हाड दोनदा आलं, म्हणजे माणसं किमान दोन. कमरेच्या हाडातली खाच बाईमध्ये रुंद असते, पुरुषात अरुंद. त्यावरून आणि वाढीवरून एक १५ ते १९ वर्षांची मुलगी आणि दुसरा बहुधा १२ ते १५ वर्षांचा मुलगा, असं ठरलं. दाढांमध्ये चांदीच्या मिश्रधातूचं फिलिंग होतं. १९१८ च्या उरलमध्ये पोरांच्या दाढांना चांदी कुणाच्या घरात परवडत होती, हे वेगळं सांगायला नको.

मग डीएनए. जळक्या हाडात आधी रंग बघतात. पांढरंफटक झालं असेल तर आशा जवळपास सोडायची, तपकिरी-काळपट असेल तर आत काही उरलेलं असू शकतं. मांडीचं हाड जाडजूड, म्हणून ते निवडलं. हाताळलेला वरचा थर घासून टाकायचा, तुकडा धुऊन वाळवायचा आणि दळायचा. अमेरिकी सैन्याच्या रॉकव्हिल इथल्या डीएनए प्रयोगशाळेने त्याच सुमारास पुढच्या पायरीत मोठी सुधारणा केली होती. पूर्वी चुरा थोडा वेळ द्रावणात ठेवून न विरघळलेला गाळ फेकून देत. डीएनए बऱ्याचदा त्या गाळातच, खनिजाला चिकटून राहायचा. नव्या रीतीत ग्रॅमभर चुऱ्याला सुमारे १५ मिलिलिटर ईडीटीए आणि प्रथिनं फोडणारं विकर घालून ५६ अंशांवर रात्रभर हलवत ठेवतात. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि हाड पूर्ण विरघळतं. सोबत एक रिकामी नळीही त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात. तिच्यात डीएनए सापडला तर तो प्रयोगशाळेतल्याच कुणाचा तरी, आणि अख्खी फेरी बाद. काम करणाऱ्यांच्या डीएनएची नोंद यासाठीच आधी करून ठेवलेली असते.

ही खबरदारी उगाच नव्हती. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने १९९३ च्या निकालावरच शंका घेतली होती. इतक्या जुन्या हाडातला डीएनए शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत मोडलेला असतो, मग गिल यांना १२२३ अक्षरांचा सलग तुकडा मिळाला कसा? प्रश्न रास्त होता. त्यासोबत त्यांनी दिलेला पुरावा मात्र कच्चा: अलेक्झांड्राच्या बहिणीचं म्हणून जतन केलेलं एक बोट, आणि ते तिचंच कशावरून, हे कुणी दाखवलेलं नव्हतं. त्यामुळे २००७ नंतर रॉकव्हिल आणि ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक इथे, शिवाय जनुकशास्त्रज्ञ एवगेनी रोगायेव यांच्या प्रयोगशाळेत वेगवेगळं काम झालं. मायटोकॉन्ड्रियाची १६,५६९ अक्षरं छोट्या छोट्या तुकड्यांत वाचून सांधली. मुलगा आणि मुलगी दोघंही अलेक्झांड्राच्या माळेशी जुळले. मुलाचं वाय गुणसूत्र (हे बापाकडून फक्त मुलग्याकडे जातं) निकोलसशी आणि रोमानोवांच्या पुरुषवंशातल्या एका जिवंत माणसाशी १७ ठिकाणी जुळलं.

रोगायेव यांनी आणखी एक ताळा केला. १८९१ मध्ये जपानच्या ओत्सू गावी एका पोलिसाने युवराज निकोलसच्या डोक्यावर तलवार चालवली होती. रक्ताळलेला सदरा हर्मिटाज संग्रहालयात जपलेला आहे. (त्याच सफरीत काही महिने आधी, डिसेंबर १८९० मध्ये, युवराज मुंबईत उतरले होते.) त्या रक्ताचा डीएनए सांगाड्याशी जुळला. मेल्यानंतरच्या हाडाला जिवंतपणीच्या रक्ताची साक्ष मिळाली. याहून चांगला नमुना मिळणं कठीण.

तरीही रशियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं समाधान झालं नाही. २०१५ मध्ये तपास पुन्हा सुरू झाला, या वेळी निकोलसच्या वडिलांची, अलेक्झांडर तिसरा यांची कबर उघडली. निकाल तोच आला.

२००९ मध्ये रोगायेव यांनी अलेक्सीच्या हाडात त्याच्या हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराचं, कारण असलेलं अक्षरही शोधलं. रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकात ए च्या जागी जी. आई वाहक होती. तीन बहिणींच्या सांगाड्यांपैकी एकीत हा बदल मिळाला. रशियन यादीत त्या सांगाड्याचं नाव अनास्तासिया आहे, मेपल्स यांच्या यादीत तात्याना. चौघी बहिणींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकच, आणि कोणत्याही एकीचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा दुधाचा दात किंवा मुळासकट केस ताडायला मिळालेला नाही. त्यामुळे आजाराची खूण कोणत्या हाडांत होती हे अक्षर दाखवून सांगता येतं, पण ती हाडं कोणत्या बहिणीची हे नाही. आणि २००७ मध्ये सापडलेली मुलगी अजूनही १७ किंवा १९ वर्षांची आहे.