कॅन्डिड अन् डॉक्युमेंटरी: रेट एकच, पण काम एक नाई

आमच्या तालुक्यात लग्नाची बुकिंग घ्यायला लोकं आले की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, कॅन्डिड करता ना?" अन् घरातला एखादा पोट्टा पुण्यात नोकरीला असला तर तो मधातच म्हणते, "काका, डॉक्युमेंटरी स्टाइल पाहिजे." मी आधी चहा सांगतो, कारण पुढची पंधरा मिनिटं यातच जाणार असतात. रेटकार्डावर कित्येक जण दोन्ही शब्द एकाच ओळीत छापतात, मी पण दोन-तीन वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू.

थोडक्यात सांगतो. कॅन्डिड हा शब्द समोरच्या माणसाबद्दल आहे, म्हणजे तो पोज देऊन नाई राहिला. डॉक्युमेंटरी हा शब्द फोटोग्राफरबद्दल आहे, म्हणजे त्यानं काही घडवून आणलं नाई, हलवलं नाई, "परत एकदा हार टाका" म्हटलं नाई. अन् गडबड इथंच होते, कारण आजकाल जे कॅन्डिड म्हणून विकल्या जाते त्यातलं अर्धं आम्हीच बसवलेलं असते. "नवरदेव, तिच्याकडे पहा, हसा, अजून थोडं, कॅमेऱ्याकडे नका पाहू." आता दोघंही कॅमेऱ्याकडे पाहून नाई राहिले, फोटो दिसायला एकदम नॅचरल, अन् हसणं कशाचं तर मी मागून सांगितलं त्याचं.

उलटंही होते. पंगतीच्या बाजूला खुर्चीवर बसलेली आजी मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा करते, हात मांडीवर ठेवते अन् सरळ लेन्समध्ये पाहते. ती काही मॉडेलिंग नाई करत बापा, तिच्या हिशोबानं फोटोवाला आला की माणसानं असंच बसायचं असते, मी तिला काहीच सांगितलं नाई. म्हणून तो फोटो माझ्या लेखी शंभर टक्के डॉक्युमेंटरी, कॅन्डिड मात्र अजिबात नाई.

हे दोन शब्द जन्मले पण वेगवेगळ्या घरात. १९२६ मध्ये जॉन ग्रिअर्सन नावाच्या स्कॉटिश माणसानं एका सिनेमाच्या परीक्षणात डॉक्युमेंटरी हा शब्द वापरला अन् तिथून तो चालू पडला. कॅन्डिडवाल्यांचा मूळपुरुष म्हणायचा तर जर्मनीचा एरिख सालोमोन, त्यानं १९२८ मध्ये कोर्टात लपवून कॅमेरा नेला अन् खटला चालू असताना फोटो काढले. म्हणजे कॅन्डिडचा जीव समोरच्याला पत्ता न लागण्यात. आमच्याकडे मांडवात ते कसं जमणार, दोन कॅमेरे, एक ड्रोन, व्हिडिओवाल्याचा लाइट अन् मागं वायर धरून उभा असलेला पोट्टा, सगळ्या गावाला पत्ता असतो.

आता प्रत्यक्षातलं सांगतो. मे महिना, दारव्ह्याकडचं एक खेडं, ऊन असं की कॅमेऱ्याची बॉडी हाताला चटका देत होती. हळद चालू होती. माझा असिस्टंट ८५ चा, म्हणजे लांबून काढायचा लेन्स लावून मांडवाच्या त्या टोकाला उभा, मी ३५ चा लावून बायकांच्या मधात घुसलेलो. दोघांनी जवळपास एकाच क्षणाला बटण दाबलं. त्याच्या फोटोत नवरी खळखळून हसून राहिली, गालावर हळद, मागं सगळं पिवळं पिवळं धूसर, भल्ला भारी फोटो, मी स्वतः त्याची पाठ थोपटली. माझ्या फोटोत तेच हसणं, पण बाजूला कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतणारं पोरगं, अर्धी कापल्या गेलेली एक काकू, अन् मागं दाराच्या चौकटीत नवरीची मोठी आई. तिचा नवरा दोन वर्षांआधी गेला, म्हणून ती हळद लावायला पुढं आली नाई. हळद सकाळी तिनंच भिजवली होती, मनगटापर्यंत हात पिवळे होते तिचे.

८५ नं ती फोटोतून पुसून टाकली, अन् तशी कोणाची इच्छाही नव्हती, दूर उभं राहून मागचं धूसर करणं हेच त्या लेन्सचं काम आहे. ३५ ला जवळ जावं लागते अन् मग आजूबाजूचं सगळंच आत येते, नको असलेलं पण. अल्बमचे फोटो निवडताना नवरीनं कागदावर माझ्या फोटोचा नंबर लिहिला, बापानं खोडला, तिनं परत लिहिला. कोणी कोणाला काही बोललं नाई, मी मोबाइल पाहत बसलो.

याचा अर्थ दिसलं ते सगळं काढायचं अन् सगळं द्यायचं असाही नाई. नवरीचा बाप घरामागं सिलिंडरजवळ उभा राहून पिशवीतल्या नोटा मोजून राहिला होता, किराणावाला समोर. मी तो फोटो काढला नाई. डॉक्युमेंटरीवाले काही जण म्हणतील चुकलं, म्हणोत.

अन् खाडाखोडीचं विचाराल तर माझा काही पक्का नियम नाई. डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईचा १९३६ चा स्थलांतरित आईचा फोटो जगभर डॉक्युमेंटरीचा नमुना म्हणून दाखवतात, त्यात कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो नंतर निगेटिव्हवरच रिटच करून घालवला अन् त्यावरून तिच्या साहेबाची नाराजी झाली. अंगठ्यावरून! इथं लोकं मला पोट कमी करा, रंग उजळ करा, व्याह्याला काढून टाका म्हणतात. वायर काढतो मी, माणूस नाई काढत.

माझ्याकडे जुने फोटो शोधायला सगळ्यात जास्त लोकं येतात ते तेरवीच्या आधी. घरात म्हाताऱ्याचा एकही धड फोटो नसते, मग कोणत्या तरी लग्नाच्या अल्बममधून डोकं कापायचं अन् खाली कॉम्प्युटरवरचा कोट घालायचा. मागच्या पावसाळ्यात असाच एक जण आला. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत त्याचा बाप तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कोणाच्या तरी फेट्यामागं. मग पंगतीचे फोटो उघडले तर त्यात बुढा सापडला, पांढरी टोपी, बाह्या वर केलेल्या, वाकून मठ्ठा वाढत होता अन् कोणाला तरी दटावत होता, तोंड उघडं. पोरगा स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिला अन् म्हणाला, "हाच द्या, असेच होते." फ्लेक्ससाठी कापला तर खालच्या कोपऱ्यात मठ्ठ्याच्या बादलीचं कडं येत होतं. मी म्हटलं काढून देतो, एका मिनिटाचं काम आहे. तो म्हणाला, "राहू द्या."