लॉकडाऊन, फ्रीज आणि रोजची भाजी

कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज रात्री एकच वाद रंगायचा, जीव महत्त्वाचा की अर्थव्यवस्था, आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांना निर्दयी नाहीतर मूर्ख ठरवून झोपायला जायची. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी हा प्रश्नच असा तराजूत घालण्यासारखा नव्हता. का ते कळायला आधी पेरूत जाऊ. हो तोच, दक्षिण अमेरिकेतला, माचू पिचूवाला. तिथे जे झालं ते बघितलं की दोन्ही बाजूंची बोलती बंद होते.

पेरूत पहिला पेशंट सापडला ६ मार्च २०२० ला आणि दहाव्या दिवशी, १६ मार्चपासून, अख्खा देश बंद. सीमा बंद, रात्रीची संचारबंदी, रस्त्यावर लष्कर. बरं नुसतं बंद करून हात झटकले असंही नाही, जीडीपीच्या साधारण १२ टक्के भरेल एवढं पॅकेज जाहीर केलं आणि गरीब घरांना ३८० सोलचा (सोल हे तिथलं चलन) बोनस द्यायला घेतला. पेपर अगदी गाईड बघून लिहिल्यासारखा. आणि निकाल? एप्रिल ते जूनच्या तिमाहीत अर्थव्यवस्था ३० टक्क्यांनी आकसली, आणि पुढे ३१ मे २०२१ ला सरकारनेच मृत्यूंचा आकडा दुरुस्त करून ६९ हजारांवरून थेट १ लाख ८० हजारांवर नेला. देश जेमतेम सव्वातीन कोटींचा. अधिकृत आकड्यांनुसार लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सगळ्यात जास्त मृत्यू पेरूत. म्हणजे पैसाही गेला आणि माणसंही गेली.

असं कसं झालं याची बरीच कारणं सांगितली जातात, पण मला सगळ्यात पटलेलं कारण म्हणजे फ्रीज. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या कमी घरांत फ्रीज होता. फ्रीज नाही म्हणजे मांस, मासे, भाजी दर एक-दोन दिवसांनी आणायला बाजारात जाणं आलंच, आणि बाकी सगळं बंद असल्यामुळे अख्खं गाव त्याच बाजारात. लिमाच्या मोठ्या बाजारांत विक्रेत्यांच्या टेस्ट केल्या तेव्हा काही ठिकाणी निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह निघाले. दुसरी गोष्ट बोनसची. निम्म्याहून जास्त प्रौढांचं बँकेत खातंच नाही, मग पैसे घ्यायला बँकेबाहेर तासन्‌तास रांगा, म्हणजे घरी बसण्यासाठी दिलेले पैसे घ्यायला घराबाहेर पडायचं. आणि दर १० कामगारांपैकी ७ जण असंघटित, आज काम तर आज चूल, ते किती दिवस घरात बसणार. पोलीस आणि लष्कर रिकाम्या रस्त्यांवर पहारा देत होते आणि व्हायरस बाजारात फिरत होता, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्यात अजून एक आयडिया काढली. ३ एप्रिलपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार फक्त पुरुषांनी बाहेर पडायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार फक्त बायकांनी, रविवारी कुणीच नाही. कागदावर गर्दी निम्मी. प्रत्यक्षात घरचा बाजार बायकाच करतात (हे लिमात काय आणि लातुरात काय सारखंच), त्यामुळे बायकांच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आठवडाभरात नियम मागे घ्यावा लागला.

हसू नका, आपणही तेच केलंय. दुसऱ्या लाटेत, २० एप्रिल २०२१ ला, महाराष्ट्रात किराणा आणि भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवायचा आदेश निघाला होता. साधं गणित करून बघा. समजा एका मंडईत दिवसभरात १२०० माणसं येतात आणि प्रत्येक जण अर्धा तास थांबतो. मंडई १२ तास उघडी असेल तर कुठल्याही क्षणी आत सरासरी ५० माणसं असतील. तीच ४ तास उघडी ठेवली तर १५०. लोकांना भाजी तेवढीच लागते, बाधित माणसंही तेवढीच येतात, फक्त प्रत्येक बाधिताच्या आजूबाजूला आता तिप्पट लोक उभे आहेत. वेळ कमी केली की कडक वाटतं हे खरं, पण साथीच्या हिशोबात ती वाढवायला हवी होती, पहाटे ५ ते रात्री १० केली असती तर गर्दी पातळ झाली असती आणि भाजीवाल्याचा मालही सडला नसता.

आता थोडं विज्ञान. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना आजार देतो तो आकडा म्हणजे 'आर', हे तेव्हा आपल्याला सगळ्यांनाच पाठ झालं होतं. तो १ च्या खाली गेला की साथ ओसरते. पण हा आर तीन गोष्टींचा गुणाकार आहे हे फारसं कुणी सांगितलं नाही. रोज किती लोक संपर्कात येतात, त्या एका संपर्कातून आजार जाण्याची शक्यता किती, आणि बाधित माणूस किती दिवस लोकांमध्ये मोकळा फिरतो. लॉकडाऊन यातल्या फक्त पहिल्या गोष्टीला हात घालतो, आणि सगळ्यात महाग तोच पडतो. मास्क आणि उघड्या खिडक्या दुसरीवर काम करतात, लवकर टेस्ट आणि अलगीकरण तिसरीवर. गुणाकार असल्यामुळे तिघांपैकी कुठलाही आकडा निम्मा केला तरी आर निम्माच होतो, त्याला काय फरक पडतो तुम्ही कुठला केला, फरक पडतो तो खिशाला. म्हणून 'जीव की पैसा' असं विचारण्याऐवजी कुठला आकडा किती स्वस्तात खाली येतो हे विचारायला हवं होतं.

आणि लॉकडाऊन पहिला आकडा तरी खाली आणतो का, तर ते घर केवढं आहे त्यावर ठरतं. जुलै २०२० मध्ये मुंबईत टीआयएफआर (टाटांच्या नावाची संशोधन संस्था), नीती आयोग आणि महापालिकेने मिळून तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे केला, म्हणजे रक्तात अँटीबॉडी आहेत का ते तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना होऊन गेला होता आणि बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांत १६ टक्के. तेच शहर, तेच वॉर्ड, तोच लॉकडाऊन, तेच पोलीस. १० बाय १० च्या खोलीत सहा-सात माणसं दिवसभर कोंडली, वर नळ आणि संडास सार्वजनिक, म्हणजे बाहेरचे संपर्क थोडे कमी झाले पण घरातले वाढले. टू बीएचकेवाल्यांना लॉकडाऊनचा फायदा मिळाला आणि त्याचं बिल चाळीच्या आणि झोपडपट्टीच्या नावावर फाटलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

धारावीचं उदाहरण मात्र वेगळ्या कारणासाठी बघण्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला पेशंट सापडला, अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत साडेआठ-नऊ लाख लोक, सगळ्यांना वाटलं आता संपलं. पालिकेला तिथे लॉकडाऊनवर अवलंबून राहून चालणारच नव्हतं, मग त्यांनी तिसरा आकडा पकडला. वस्तीतले खाजगी डॉक्टर बरोबर घेतले, ताप तपासायचे कॅम्प लावले, आणि संशयित दिसला की शाळा, हॉल, क्रीडा संकुल जे मिळेल तिथे केलेल्या केंद्रात हलवलं, तिथे जेवणखाण पालिकेचं. हा जेवणाचा मुद्दा छोटा वाटतो पण तोच मुख्य आहे, कारण ताप आलाय हे लपवण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रोज बुडेल ही भीती. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. आता यात पालिकेचं श्रेय किती, आणि लाखाहून जास्त परप्रांतीय कामगार गावी निघून गेले आणि राहिलेल्यांत बऱ्याच जणांना आधीच होऊन गेला असावा त्याचं किती, हे वेगळं करणं अवघड आहे, नुसत्या 'धारावी मॉडेल'च्या आरत्या ओवाळण्यात अर्थ नाही. पण कमी पैशात करता येण्यासारखं बरंच काही होतं एवढं तिथे दिसलं. (संडास दिवसातून अनेकदा फवारले गेले, त्याचा उपयोग बहुधा कमीच झाला असावा, कारण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, हे स्पष्टपणे म्हणायला जागतिक संघटनेलाच २०२१ उजाडलं.)

दुसऱ्या आकड्याचं, मास्कचं, उत्तम उत्तर आपल्या शेजाऱ्यांकडून आलं. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ दरम्यान बांगलादेशात ६०० गावांत, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत फुकट मास्क, बाजारात आणि मशिदीत कोणीतरी उभं राहून आठवण करून देणार, दंड वगैरे काही नाही. मास्क नीट घालणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं आणि लक्षणांसह होणारा कोविड साधारण ९ टक्क्यांनी कमी झाला, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीच्या वरच्यांमध्ये तर ३५ टक्क्यांनी. ९ टक्के म्हणजे काही जादू नाही, पण त्यासाठी एकाही माणसाचं एका दिवसाचं काम बंद ठेवावं लागलं नाही हे लक्षात घ्या.

मग 'आपले देश तरुण आहेत, आपल्याला लॉकडाऊनची गरजच नव्हती' असं म्हणणारे आहेत. भारताचं मध्य वय २८ च्या आसपास, इटलीचं ४६-४७, आणि कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे हे बोलणं वरवर पटतं. पण पेरूही तरुणच देश होता की. नंतर संशोधकांनी बऱ्याच देशांचे आकडे जुळवून बघितले तेव्हा दिसलं की त्याच वयाच्या माणसाला विकसनशील देशात मरण्याचा धोका श्रीमंत देशापेक्षा साधारण दुप्पट. तरुण असल्याचा जो फायदा तो ऑक्सिजन आणि बेड नसल्यामुळे धुऊन निघतो. आणि भारतात २०२० आणि २०२१ मिळून ४७ लाख जादा मृत्यू (एरवी होतात त्यांच्यापेक्षा जास्तीचे) झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, सरकारला तो मान्य नाही, पण अधिकृत पावणेपाच-पाच लाखांहून खरा आकडा बराच मोठा असणार याबद्दल अभ्यासकांमध्ये फारसा वाद नाही.

लॉकडाऊन काय विकत घेतो तर वेळ. औषध नाही, बरं होणं नाही, फक्त वेळ. त्या वेळात काय केलं यावर सगळं. यात ऑक्सिजनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हवेतून ऑक्सिजन काढायचं एक तुलनेने स्वस्त मशीन असतं, पीएसए प्लांट म्हणतात त्याला, त्यात झिओलाइट नावाच्या दाणेदार पदार्थातून दाबाखाली हवा सोडतात, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि पलीकडून साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन येतो. पेशंटला तो चालतो. पण पेरूत नियम होता ९९ टक्क्यांचा, त्यामुळे बाजार मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात आणि छोट्या हॉस्पिटलला आपला प्लांट लावायची सोय नाही. हा नियम सैल झाला जून २०२० मध्ये, तोपर्यंत लोक सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत. आणि आपल्याकडे नंदुरबार, राज्यातला मागास म्हणून ओळखला जाणारा आदिवासी जिल्हा, तिथे कलेक्टर राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट उतरत असताना, सप्टेंबर २०२० मध्येच, पहिला प्लांट बसवून घेतला आणि मग पुढचे. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू होती तेव्हा नंदुरबारकडे तो होता. हा खर्च आरोग्याचा की अर्थव्यवस्थेचा? ज्या जिल्ह्यात ऑक्सिजन आहे तिथे घबराट कमी, म्हणजे बाजार लवकर उघडता येतो.

आणि आरोग्य विरुद्ध पैसा म्हणताना आरोग्य दोन्ही पारड्यांत आहे हेही विसरलं जातं. २०१९ मध्ये भारतात टीबीचे २४ लाख पेशंट नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. टीबी काही एका वर्षात पळून गेला नाही, ते ६ लाख लोक कुठेतरी खोकत घरी बसले, बस बंद, ओपीडी बंद, स्टाफ कोविड ड्युटीवर.

राहिला पैसा. २४ मार्च २०२० ला रात्री ८ ला घोषणा आणि १२ पासून देश बंद, मध्ये चार तास. तेव्हा देशात पेशंट होते पाचशेच्या आसपास. एप्रिल ते जून जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला, बांधकाम तर निम्म्यावर. यावर असं उत्तर दिलं जातं की लॉकडाऊन नसता तरी लोक भीतीने घरीच बसले असते, आणि अमेरिकेत एका अभ्यासात खरंच दिसलं होतं की दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटली त्यातले सरकारी आदेशामुळे फक्त ७, बाकी लोक आपणहून थांबले. पण घाबरून घरी बसायलाही गाठीशी काहीतरी लागतं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला ती चैन नाही.

रेशनचं धान्य बऱ्यापैकी पोचलं, हे मान्य करायला हवं, माणशी महिन्याला ५ किलो, ८० कोटी लोकांसाठी. पण ते कार्डावर, आणि शहरात आलेल्या मजुराचं कार्ड गावी. जनधन खात्यात बायकांना महिन्याला ५०० रुपये, तीन महिने. मुंबई-पुण्यात खोलीचं भाडं धरून ५०० रुपयांत काय होतं ते ज्याचं त्याने बघावं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी गत झाल्यावर लोक चालायला लागले, आणि ८ मे ला जालन्याच्या स्टील कारखान्यातले १६ मजूर मध्य प्रदेशातल्या घरी जायला भुसावळच्या दिशेने निघाले असताना करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले.

२०२१ मध्ये राज्य सरकारने थोडा धडा घेतलेला दिसला. १३ एप्रिलला निर्बंध जाहीर करतानाच सोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज, शिवभोजन थाळी फुकट, नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना, परवाना असलेल्या फेरीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना प्रत्येकी १५०० रुपये. आता यातले शब्द परत वाचा, नोंदणी असलेल्या, परवाना असलेल्या. रिक्षाचा परवाना एकाच्या नावावर आणि रात्रपाळीला चालवणारा दुसराच. पदपथावर भाजी विकणाऱ्या कित्येक मावश्यांकडे पावती असते ती रोजच्या वसुलीची, लायसन्स नाही. पैसे द्यायची इच्छा असली तरी द्यायचे कुणाला, ती यादीच कुणाकडे नव्हती. असंघटित कामगारांची देशभर नोंद करणारं ई-श्रम पोर्टल सुरू झालं २६ ऑगस्ट २०२१ ला, तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.