आयपीसेक : स्वयंचलित किल्ली-वाटाघाट

आयपीसेक बोगद्यासाठी (दोन ठिकाणांमधली रहदारी कूटबद्ध करून नेणाऱ्या जोडणीसाठी) लागणाऱ्या किल्ल्या, अल्गोरिदम आणि त्यांची मुदत राउटर किंवा फायरवॉल यांनी आपसांत बोलून ठरवण्याची पद्धत. ही बोलणी इंटरनेट की एक्स्चेंज, संक्षेपाने आयकेई, या प्रोटोकॉलने होतात. हाताने भरलेली किल्ली प्रशासक बदलेपर्यंत तशीच राहते. दहा शाखा एकमेकींशी थेट जोडायच्या तर ४५ बोगदे होतात आणि प्रत्येकाच्या दोन दिशा मिळून ९० किल्ली-संच सांभाळावे लागतात.

उगम. ऑगस्ट १९९५ च्या पहिल्या मानकांत (आरएफसी १८२५ ते १८२९) सक्ती हाताने भरलेल्या किल्लीचीच होती. स्वयंचलित पद्धतीसाठी त्या सुमारास अनेक प्रस्ताव पुढे आले: फिल कार्न व विल्यम सिम्पसन यांचा फोटुरिस, सन मायक्रोसिस्टिम्सचा स्किप, अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीतून आलेला आयसाकॅम्प आणि हिलरी ऑर्मन यांचा ओकली. आयसाकॅम्प हा निव्वळ सांगाडा. संदेशांची मांडणी तो सांगतो, किल्ली कशी काढायची ते सांगत नाही. ती उणीव ओकलीने, आणि काही अंशी ह्यूगो क्रॉचिक यांच्या स्कीमने भरून काढली. आयकेईचा जन्म नोव्हेंबर १९९८ च्या आरएफसी २४०९ पासून धरण्याचा प्रघात आहे. ‘आयसाकॅम्प/ओकली’ ही जोडी १९९६ च्या सुमारास पुढे आली तेव्हापासून तो धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फोटुरिस स्पर्धेत मागे पडला, तरी खोट्या विनंत्यांच्या पुरापासून बचाव करणारी त्याची ‘कुकी’ (विनंती करणाऱ्याचा पत्ता खरा आहे हे पडताळणारी खूण) आयसाकॅम्पने उचलली. सिस्को व हुआवे यांच्या उपकरणांच्या आज्ञांत ‘आयसाकॅम्प’ हा शब्द अजून टिकून आहे.

आयकेईची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००५ ची (आरएफसी ४३०६). तिचे प्रचलित रूप २०१४ चे आरएफसी ७२९६. पहिली आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवली गेली.

मांडणी. हुआवेच्या धर्तीवर क्रम असा: संरक्षित रहदारीची एसीएल (कोणती पॅकेटे कूटबद्ध करायची ते ठरवणारी यादी), आयकेई प्रपोजल (अल्गोरिदमांचा प्रस्ताव), समोरचा पीअर (दुसऱ्या टोकाचे उपकरण), आयपीसेक प्रपोजल, या सर्वांना बांधणारी पॉलिसी, आणि शेवटी ती बाहेरच्या इंटरफेसवर लावणे. शेवटची पायरी राहिली तर बाकीची मांडणी बिनचूक असूनही काहीच घडत नाही. दोन्ही टोकांच्या एसीएल एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात. एका बाजूला /२४ (लहान पत्ता-पट्टा) आणि दुसऱ्या बाजूला /१६ (मोठा पट्टा) असेल तर बोगदा कधी एकाच बाजूने सुरू होतो, कधी मुळीच नाही. टेम्प्लेटवर (समोरचा पत्ता आधी न ठरवलेल्या साच्यावर) आधारलेली पॉलिसी बोलणी स्वतः सुरू करत नाही. तिथे शाखेकडून रहदारी यावी लागते. एसीएलवर चालणारा बोगदा पहिल्या पॅकेटनेच जागा होत असल्याने पहिला पिंग सहसा वाया जातो.

डिफी-हेलमन (उघड्या वाटेवरून सामायिक गुपित काढण्याची पद्धत) गट १४ (२०४८ बिट) किंवा १९ घ्यावा. १०२४ बिटांचा गट २ आता निवडू नये. पत्ता बदलता असलेल्या शाखेला पहिल्या आवृत्तीत सामायिक गुपितासह मेन मोड (सहा संदेशांची बोलणी) वापरता येत नाही, कारण त्यात पीअरची ओळख आयपी पत्त्यावरूनच पटते. म्हणून अॅग्रेसिव्ह मोड (तीन संदेशांची बोलणी) निवडला जातो, पण त्यात गुपिताचा हॅश (गुपितावरून काढलेला ठसा) उघड जातो आणि दुबळे गुपित नंतर निवांतपणे शोधून काढता येते.

दोष. यूडीपी ५०० व ४५०० आणि आयपी प्रोटोकॉल ५० (ईएसपी, म्हणजे कूटबद्ध पॅकेटे वाहणारा प्रोटोकॉल) खुले हवेत. वाटेत नॅट (पॅकेटांचे पत्ते बदलणारी सोय) असल्यास ईएसपी यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळले जाते. अनेक राउटरांत बाहेर जाताना नॅट आधी व कूटबद्धीकरण नंतर होते; संरक्षित रहदारी नॅटमधून वगळली नाही तर उगमाचा पत्ता बदलतो, एसीएल जुळत नाही आणि पॅकेट उघडेच बाहेर पडते. ‘नो प्रपोजल चोझन’ म्हणजे अल्गोरिदम किंवा गट जुळत नाही. पहिल्या आवृत्तीच्या मेन मोडमध्ये गुपित चुकले तर चार संदेश सुरळीत जातात आणि पाचव्याचा उलगडा होत नाही; लॉगमध्ये मात्र ‘विकृत संदेश’ अशी दिशाभूल करणारी नोंद दिसते.

सर्वांत फसवा दोष दुसऱ्या आवृत्तीतला. पीएफएसचा (किल्ली बदलताना नव्याने डिफी-हेलमन करण्याच्या सोयीचा) गट दोन टोकांना वेगळा असला तरी बोगदा उभा राहतो, कारण पहिल्या ईएसपी किल्ल्या आयकेईच्या मूळ गुपितातूनच काढल्या जातात, वेगळ्या डिफी-हेलमनशिवाय. विसंगती उघड होते ती नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे मुदत ३,६०० सेकंद असेल तर तासाभराने. तोवर जोडणी तपासणारा निघून गेलेला असतो. याच आवृत्तीत मुदतीवर बोलणी होत नाहीत. जिची मुदत आधी संपते ती बाजू नवी किल्ली मागते.

पिंग जातो, पण मोठी पाने अडकतात, असे दिसल्यास वाढलेल्या शीर्षकांचा संशय घ्यावा. बोगद्याचा एमटीयू (पॅकेटाचा कमाल आकार) १,४०० बाइट आणि टीसीपीचा एमएसएस (त्यातल्या माहितीचा कमाल आकार) १,३६० बाइट ठेवणे हा रूढ उपाय. प्रमाणपत्रे वापरत असल्यास, त्यांना मुदत असल्याने, आधी दोन्ही उपकरणांची घड्याळे पाहावीत.