बीपीएम सारखा ठेवला की ताल जुळतोच का?

लाइव्ह कोडिंग (प्रेक्षकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणं) करणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरणारा एक समज: दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके, त्याचा) आकडा सारखा टाकला की ताल आपोआप जुळून राहतो.

समज स्वाभाविक आहे, पण अर्धाच खरा. बीपीएम फक्त लय सांगतो, सम कुठे पडते ते नाही. १२० बीपीएमला दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. दुसऱ्याची सुरुवात २०० मिलिसेकंद उशिरा झाली, तर लय एक असूनही समा वेगळ्या पडणार.

बरं, सुरुवात कानाने जुळवून घेतली तरी? प्रत्येक यंत्राचं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालतं आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक धरा (हे काही फार नाही): १० मिनिटांत ३० मिलिसेकंद, तासाभरात १८०. ३० मिलिसेकंदांतच किकचा (बास ड्रमचा) एक ठोका दुहेरी ऐकू येऊ लागतो.

पडताळायचं असेल तर दोन्ही लॅपटॉपवर नुसता क्लिक लावा. एक डाव्या चॅनेलवर, दुसरा उजव्या, रेकॉर्डर मात्र एकच. अर्ध्या तासाने वेव्हफॉर्म उघडून सुरुवातीचं आणि शेवटचं अंतर मोजा.

उपाय एकच, घड्याळ सामायिक ठेवणं. मिडी क्लॉक (वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या मिडी पद्धतीतलं सामायिक घड्याळ) दर क्वार्टर नोटला, म्हणजे सहसा एका ठोक्याला, २४ संकेत पाठवतो. नेटवर्कवरच्या काही पद्धती लयीबरोबर आवर्तनातली जागाही कळवतात. तरीही ऑडिओ बफरमुळे (आवाज वाजवण्याआधी संगणक तो थोडा साठवतो, त्यामुळे) होणारा उशीर प्रत्येकाचा वेगळाच असतो. तो ज्याचा त्याने सेटिंगमध्ये भरून काढायचा.