फोनचा स्क्रू झिजतो तो लहान बिटमुळे

मोठा बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं बदलता येणारं टोक, स्क्रूच्या खाचेत शिरतच नाही, म्हणून तो आपण लगेच बाजूला ठेवतो. एका मापाने लहान बिट मात्र आरामात बसतो, आणि तिथेच घात होतो.

फिलिप्स स्क्रूच्या, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेच्या, भिंती तळाकडे निमुळत्या होत जातात. त्या उतारामुळे पीळ देताच बिट वर ढकलला जातो. बिट नेमका असेल तर जोर पूर्ण भिंतीवर पसरतो. लहान असेल तर सगळा जोर कडांवर येतो, आणि एवढ्याशा डोक्याच्या कडा एका घसरणीतही गोल होतात. टॉर्क्सच्या सहा पाकळ्यांच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे तो बिट सहसा उसळत नाही.

आयफोनच्या तळाशी चार्जिंग पोर्टच्या दोन्ही बाजूंना पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू असतात. त्यांना पी-2 बिट लागतो. अनेक संचांवर त्याच्यापुढे चांदणी आणि 0.8 असं लिहिलेलं असतं. आत पीएच-000 फिलिप्स, आणि 2016च्या आयफोन 7पासून तीन पात्यांचा वाय-000सुद्धा. मदरबोर्ड धरणाऱ्या स्टँडऑफ स्क्रूंना मधोमध खाच पाडलेला 2.5 मिमीचा खास बिट लागतो. तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो घसरून शेजारचे बारीक कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे सुटे भाग, उडवू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक ठिकाणी पीएच-00 किंवा पीएच-000 चालतो. दुकानात नुसतं ‘स्टार’ मागू नका, त्या नावाने फिलिप्सही मिळतो आणि टॉर्क्सही. नंबर सांगा, आणि पोलाद एस-2, म्हणजे हत्यारांसाठीचं कडक पोलाद, आहे का ते विचारा.

बिट खाचेत ठेवा आणि न फिरवता हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळला तर एका मापाने मोठा बिट घ्या. मग ड्रायव्हर अगदी उभा धरून आधी दाब द्या, नंतर पीळ. आट्यांना लावलेला गोंद सुटेपर्यंत दाब सैल करायचा नाही. डोकं झिजलंच तर रुंद रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून प्रयत्न करा. गोंद चिवट असेल तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक काही सेकंद स्क्रूला टेकवा. बॅटरीजवळ मात्र हे अजिबात करू नका. फोन उघडण्याआधी बॅटरी 25 टक्क्यांच्या खाली आणा, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पातीने काढा. सुटलेला स्क्रू बोर्डावर पडला तर शॉर्ट होण्याची भीती मग राहत नाही.

जोडताना चूक होते ती लांबीची. आयफोन 6मध्ये डिस्प्लेच्या केबलवरची पट्टी पाच स्क्रूंनी बसते: 1.2 मिमीचे तीन, 1.7 आणि 3.1 मिमीचा प्रत्येकी एक. खालच्या उजव्या भोकात 1.2ऐवजी लांब स्क्रू पिळला, तर तो मदरबोर्डच्या आतल्या तांब्याच्या वाटा तोडतो आणि फोन नीट सुरूच होत नाही. म्हणून कागदावर फोनचा आराखडा काढायचा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवायचा. बसवताना आधी उलटा फिरवा. आटे जुळले की किंचित ‘टक्’ असं बोटांना जाणवतं. तिथून सुलटा फिरवा, आणि डोकं पट्टीला टेकलं की थांबा.